मंडळीत विश्वासूपणे देण्याची सवय कशी रुजवावी: पाळक, मंडळीचे वडील (कारभार पाहणारे ज्येष्ठ) आणि खजिनदार यांच्यासाठी

बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये दानार्पणाचा विषय निघतो तो खाते रिकामे होऊ लागल्यावर. पाळकांचे मानधन थकते, छताची दुरुस्ती अंगावर येते किंवा वर्षअखेरीचा हिशेब तुटीत निघतो, आणि मग एखाद्या रविवारी व्यासपीठावरून कळकळीचे आवाहन होते. त्या रविवारी थाळी भरते, पुढच्या महिन्यात पुन्हा पूर्वीसारखी हलकी होते, आणि सभासदांच्या मनात मात्र एवढेच उरते की मंडळीला आपली आठवण पैशापुरती येते. अशी तूट भरून काढण्याचे उपाय येथे सांगायचे नाहीत. आपल्या सभासदांनी ठरवून, नियमाने आणि आनंदाने द्यावे असे ज्या मंडळीला वाटते, तिने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि काय कटाक्षाने टाळावे, हे मांडायचे आहे. क्रमाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण उपदेश आधी आणि कारभाराची शिस्त नंतर असा क्रम लावला, तर चांगला उपदेशही वाया जातो, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात कारभारापासून

बायबलमधील 2 राजे 12 येथील योआश राजाची हकिकत प्रत्येक वडीलमंडळाने एकत्र बसून वाचावी. मंदिराची पडझड झाली होती. लोकांकडून येणारा पैसा घेऊन त्यातून डागडुजी करा, असे राजाने याजकांना सांगून ठेवले होते. परंतु योआशाच्या कारकिर्दीचे 23 वे वर्ष उजाडले तरी दुरुस्ती झालेली नव्हती. तेव्हा राजाने लोकांना हात आखडल्याबद्दल बोल लावला नाही. त्याने याजकांना जाब विचारला आणि पैसा ज्या वाटेने जात होता ती वाट बदलली. यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि मंदिरात शिरणाऱ्याच्या उजव्या हाताला, वेदीजवळ ती ठेवली. दारावर पहारा करणारे याजक आलेला पैसा तिच्यात टाकत. पेटीत पुष्कळ पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येत, पैसा थैल्यांत बांधून मोजत, आणि तो कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती देत. त्यांच्याकडून तो सुतार, गवंडी आणि पाथरवट यांच्यापर्यंत पोहोचे. 2 इतिहास 24 मध्ये हीच हकिकत येते, तेथे सर्व सरदार आणि सर्व लोक आनंदाने पैसा आणून पेटीत टाकू लागले असे लिहिले आहे.

आजच्या मंडळीला लागणारे जवळजवळ सगळे नियम या एका वर्णनात आहेत. पैसा उघडपणे गोळा होतो, एकटा माणूस तो मोजत नाही, मोजणारे दोघे वेगवेगळ्या अधिकाराखाली काम करणारे असतात, आणि ज्या कामासाठी पैसा घेतला त्याच कामाला तो लागतो.

हेच उपासनेनंतर मोजणीच्या मेजावर कसे दिसावे? अर्पण गोळा झाल्यापासून खात्यात जमा होईपर्यंत रोकड एकट्या माणसाच्या ताब्यात राहू नये. मोजणीसाठी किमान दोन, शक्यतो तीन सभासद नेमावेत. ते एकमेकांचे नातेवाईक नसावेत आणि दर काही महिन्यांनी बदलावेत. खजिनदाराने स्वतः मोजायला बसू नये, कारण ज्याच्याकडे वही त्याच्याच हातात रोकड, ही स्थिती मंडळीसाठी आणि त्याच्यासाठीही धोक्याची असते. नोटा मूल्याप्रमाणे वेगळ्या लावाव्यात, एकाने मोजलेला गठ्ठा दुसऱ्याने पुन्हा मोजावा, आणि दोघांचे आकडे जुळल्यावरच ते मोजणीपत्रकावर चढवावेत. पत्रकात तारीख, नोटा व नाण्यांचा तपशील, पाकिटांतील अर्पण, खुले अर्पण आणि विशिष्ट कामासाठी आलेले अर्पण यांचे वेगळे रकाने असावेत. बेरीज अंकांत आणि अक्षरांत लिहावी आणि मोजणाऱ्या सर्वांनी खाली सही करावी. आकडा चुकला तर तो गिरवून बदलू नये. मूळ आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहावी आणि तेथेही सही करावी. पत्रकाची एक प्रत खजिनदाराकडे, दुसरी चिटणिसाकडे राहावी, आणि संपूर्ण रोकड बँकेच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात भरावी. थाळीतल्याच पैशातून त्या दिवशीचे किरकोळ खर्च भागवायची पद्धत कोठे असेल तर ती बंद करावी. किरकोळ खर्चासाठी वेगळी रक्कम ठेवावी आणि तिच्या पावत्या जपाव्यात. बँकेचे व्यवहार दोन सह्यांनी व्हावेत, आणि वर्षाचा हिशेब कारभारात सहभागी नसलेल्या जाणकाराकडून तपासून घ्यावा.

“आपण सगळे विश्वासणारे आहोत, मग एवढा संशय कशाला?” असा प्रश्न कोणी तरी विचारणारच. त्याचे उत्तर प्रेषित पौलाने 2 करिंथ 8 मध्ये दिलेले आहे. यरुशलेमेतील गरजू पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करण्याच्या कामी त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेल्या एका बंधूला पाठवले, आणि कारणही स्पष्ट लिहिले: एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आपल्यावर ठपका ठेवू नये, आणि जे प्रभूच्या दृष्टीने चांगले तेच माणसांच्या दृष्टीनेही चांगले दिसावे. प्रेषिताला जे ओझे वाटले नाही ते आपल्याला अपमानास्पद वाटण्याचे कारण नाही. शिवाय या नियमांचा पहिला लाभ प्रामाणिक खजिनदारालाच होतो. उद्या कोणी शंका घेतली तर त्याला शपथा घ्याव्या लागत नाहीत, पत्रक काढून दाखवता येते.

हिशेब लोकांना कळेल असा द्यावा

वार्षिक सभेत आकड्यांची चार पाने भराभर वाचून दाखवणे म्हणजे हिशेब देणे नव्हे. महिन्यातून एकदा एका कागदावर मावेल एवढा अहवाल फलकावर लावावा: किती आले, किती गेले, कोणत्या कामावर गेले, शिल्लक किती. त्याबरोबर वर्षाच्या अंदाजपत्रकाशी तुलना असावी. तूट असेल तर तीही लिहावी, आणि ती घाबरवण्यासाठी न लिहिता माहिती म्हणून लिहावी. या कोरड्या आकड्यांना अधूनमधून चेहरा द्यावा. साहाय्यनिधीतून एका विद्यार्थ्याचे शुल्क भरले गेले, एका रुग्णाची औषधे आली, तुरुंगातील भेटीसाठी प्रवासखर्च दिला गेला, हे कोणाचेही नाव न घेता दोन वाक्यांत सांगता येते. आपण दिलेल्या पैशाचे पुढे काय झाले हे ज्याला कळते, त्याला पुढच्या वेळी आठवण करून द्यावी लागत नाही.

विशिष्ट कामासाठी दिलेला पैसा दुसरीकडे वळवणे ही विश्वासाला लागणारी सर्वात खोल ठेच आहे. विधवा साहाय्याचा निधी “तात्पुरता” रंगकामाला वापरला आणि नंतर परत भरला, तरी देणाऱ्याच्या दृष्टीने शब्द मोडलेला असतो. अगदीच अडचण आली तर आधी देणाऱ्यांची आणि मंडळीची संमती घ्यावी आणि ती इतिवृत्तात नोंदवावी.

शिकवण: केव्हा आणि काय

दानार्पणावरील उपदेश टंचाईच्या महिन्यात करू नये. खाते ठीक असताना, कोणतीही मागणी जोडलेली नसताना, वर्षातून एकदा तीनचार रविवार सलग हा विषय घ्यावा, आणि त्या रविवारी कोणतीही विशेष वर्गणी ठेवू नये. तसे केले तरच ऐकणाऱ्याला खात्री पटते की पाळक आपल्या खिशाशी बोलत नसून आपल्या आत्म्याशी बोलत आहेत.

पायाभूत वचन म्हणून 1 करिंथ 16:2 पुरेसे आहे. त्यात आठवड्याचा पहिला दिवस सांगितला आहे, म्हणजे नियमितपणा. प्रत्येकाने असे म्हटले आहे, म्हणजे श्रीमंतांवर सोडून दिलेले नाही. मिळकतीच्या मानाने असे म्हटले आहे, म्हणजे सर्वांना एकच रक्कम नाही. आणि पैसा आधीच बाजूला काढून ठेवायचा आहे, म्हणजे पौल आल्यावर ऐनवेळी वर्गण्या गोळा करण्याची वेळ येऊ नये. आवाहनावर चालणारी मंडळी आणि सवयीवर चालणारी मंडळी यांच्यातला फरक पौलाने एका वाक्यात सांगितला आहे. पुढे रोममध्ये इ.स. 155 च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने सम्राटाला उद्देशून आपल्या उपासनेचे वर्णन लिहिले. तेथेही हीच रीत दिसते: ज्यांची ऐपत आणि इच्छा आहे ते आपापल्या मनाप्रमाणे देतात, जमलेले प्रमुखाजवळ ठेवले जाते, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांची काळजी घेतली जाते.

दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचा, प्रश्न टाळू नये. विविध ख्रिस्ती परंपरांमध्ये याविषयी मतभेद आहेत आणि ते सभासदांपासून लपवण्यात अर्थ नाही. मोशेच्या नियमशास्त्रात दशमांशाची तरतूद एकाच कामासाठी नव्हती: गणना 18 मध्ये तो लेव्यांच्या, म्हणजे उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशाच्या, उपजीविकेसाठी आहे, अनुवाद 14 मध्ये परमेश्वरासमोर आनंदाने भोजन करण्यासाठी आहे आणि दर तिसऱ्या वर्षी लेवी, परका, अनाथ व विधवा यांच्यासाठी आहे. नव्या करारातील पत्रांत मंडळ्यांना ठरावीक टक्केवारी घालून दिलेली आढळत नाही. तेथे भर आहे तो मनात ठरवून, संतोषाने आणि ऐपतीप्रमाणे देण्यावर. माझा सल्ला असा की दशमांश हा उंबरठा किंवा दंड म्हणून शिकवू नये. ज्याला सुरुवात कोठून करावी हे कळत नाही त्याच्यासाठी तो चांगले, शास्त्रात मुळे असलेले माप आहे, असे शिकवावे. कर्जाखाली दबलेल्या कुटुंबाने विसाव्या भागापासून सुरुवात केली तर ती सुरुवातच आहे. आणि ज्यांच्यापाशी भरपूर आहे त्यांना दहावा भाग देऊन कर्तव्य संपल्याचे समाधान मिळू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

दोन उताऱ्यांच्या बाबतीत विशेष जपावे, कारण त्यांचा वापर सर्वात जास्त आणि सर्वात निष्काळजीपणे होतो. पहिला मलाखी 3. “तुम्ही देवाला लुटता” हे शब्द सभासदांच्या अंगावर टाकण्यापूर्वी उपदेशकाने त्याच अध्यायाचे पाचवे वचन वाचावे. मजुराची मजुरी दाबणारे, विधवा व अनाथ यांना छळणारे आणि परक्याचा हक्क बुडवणारे यांच्याविरुद्ध तेथे परमेश्वर स्वतः साक्षी उभा राहतो. मंडळीने आपल्या सफाई कामगाराला अपुरी मजुरी द्यावी आणि व्यासपीठावरून मलाखी वाचावा, हे जुळत नाही. दुसरा उतारा मार्क 12 मधील गरीब विधवेचा. तिने टाकलेल्या दोन टोल्यांचा, म्हणजे अगदी क्षुल्लक नाण्यांचा, येशूने गौरव केला हे खरे. परंतु त्याच्या लगेच आधी त्याने विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध केला आहे. तेव्हा गरिबांनी शेवटचे नाणेही द्यावे अशी मागणी करण्यासाठी ही गोष्ट वापरणे म्हणजे तिच्या आधीचे वाक्य कापून टाकणे होय.

आणि “इतके पेरा, म्हणजे देव शंभरपट परत देईल” हे वचन सौद्याच्या स्वरूपात कधीही देऊ नये. त्याने काही काळ थाळी भरते, पण ज्याच्या घरी परतावा आला नाही तो एक तर देवावर रुसतो किंवा स्वतःच्या विश्वासाला दोष देत खचतो. 2 करिंथ 8 मधील मासेदोनियाच्या मंडळ्या कमालीच्या दारिद्र्यात होत्या आणि तरी त्यांनी शक्तीबाहेर दिले. त्यांना श्रीमंतीचे आश्वासन कोणी दिले नव्हते. त्यांनी प्रथम स्वतःला प्रभूला दिले होते, आणि पौल त्यांच्या औदार्याला देवाची कृपा म्हणतो. देणे हे कृपेचे फळ आहे, ती मिळवण्याची किंमत नाही, ही शिकवण नीट बसली की बाकीचे पुष्कळसे आपोआप सुटते.

आधी पुढाऱ्यांनी

1 इतिहास 29 मध्ये दाविदाने प्रथम स्वतःच्या मालकीचे सोने-रुपे दिले, मग सरदारांनी दिले, आणि ते पाहून लोकांना हर्ष झाला. लेव्यांना दशमांश मिळत असे, पण मिळालेल्या दशमांशाचा दशमांश त्यांनाही द्यावा लागे. म्हणून वडीलमंडळाने हा विषय मंडळीपुढे नेण्यापूर्वी आपापल्या घरी सोडवावा. रकमा जाहीर करण्याची गरज नाही. “आम्ही सर्व नियमितपणे देतो” एवढे वाक्य खरेपणाने म्हणता आले पाहिजे. मंडळी या नात्यानेही हाच नियम पाळावा: एकूण उत्पन्नाचा ठरावीक भाग अंदाजपत्रकातच मंडळीबाहेरच्या गरजूंसाठी आणि सुवार्तेच्या कार्यासाठी राखावा. सगळे स्वतःवरच खर्च करणाऱ्या मंडळीने सभासदांना औदार्य शिकवणे कठीण आहे.

रोजच्या व्यवहारातील काही गोष्टी

उपासनेत अर्पणाची वेळ घाईने उरकू नये. सूचना वाचल्या जात आहेत, गायनाची वही शोधली जात आहे आणि तेवढ्यात थाळी फिरून गेली, असे झाले तर अर्पण म्हणजे उपासनेतली मोकळी जागा भरण्याचे काम आहे असेच लोक शिकतात. एखादे छोटे वचन, अर्धा मिनिट शांतता, आणि अर्पणानंतर देवाला ते सादर करणारी प्रार्थना एवढे पुरे. जे बँकेतून किंवा क्यूआर कोडने देतात, त्यांचाही या प्रार्थनेत उल्लेख असावा, म्हणजे रिकाम्या हाताने बसल्याची भावना त्यांना येत नाही. असे देणाऱ्यांसाठी मंडळीच्या नावाचेच खाते असावे. पाळकांच्या किंवा वडिलांच्या व्यक्तिगत खात्यात अर्पण घेऊ नये.

ज्यांचे उत्पन्न महिन्याला ठरलेले नसते त्यांना रक्कम ठरवायला सांगणे अन्यायाचे आहे. त्यांना प्रमाण ठरवायला सांगावे: जे हाती येईल त्याचा अमुक भाग, ज्या दिवशी येईल त्याच दिवशी वेगळा काढायचा. वर्षाच्या सुरुवातीला संकल्पपत्रे (वर्षात किती देणार हे लिहून दिलेली पत्रे) भरून घेण्याची रीत असेल तर ती ऐच्छिक आणि बंद पाकिटात असावीत, परिस्थिती बदलल्यास संकल्प बदलता येईल हे त्यावरच छापलेले असावे, आणि ती वसुलीसाठी कधीही काढू नयेत.

मुलांच्या बाबतीत एक साधी गोष्ट. थाळी जवळ आली की आईवडील घाईने मुलाच्या मुठीत नाणे देतात आणि मूल ते टाकते. त्यात मुलाने काहीच दिलेले नसते. त्याऐवजी त्याला मिळालेल्या पैशातून थोडे आदल्या संध्याकाळी त्याच्याच हाताने पाकिटात घालू द्यावे आणि ते कशासाठी जाते हे सांगावे.

नावे, रकमा आणि मान

कोणी किती दिले याची यादी वाचून दाखवणे किंवा फलकावर लावणे ही पद्धत मी पूर्णपणे चुकीची मानतो, मग तिने उत्पन्न वाढत असले तरीही. मत्तय 6 मध्ये प्रभूने गुप्तपणे देण्याविषयी सांगितले आहे, आणि सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा व गरिबाला पायाशी बसवण्याविरुद्ध याकोबाने दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. नोंदी अवश्य ठेवाव्यात, पावत्या द्याव्यात, वर्षअखेरीस प्रत्येकाला त्याच्या एकूण अर्पणाचे पत्र आभारासह पाठवावे. पण त्या नोंदी एकाच जबाबदार व्यक्तीकडे गोपनीय राहाव्यात. पाळकांना रकमा माहीत असाव्यात की नसाव्यात याबद्दल दोन मते आहेत. माझ्या मते नसाव्यात, कारण मोठ्या देणगीदाराच्या घरी जाताना आणि त्याला कठोर सत्य सांगताना मन मोकळे राहिले पाहिजे. मात्र एखाद्या घरचे नियमित अर्पण अचानक थांबले, तर नोंद ठेवणाऱ्याने रकमेविषयी काहीही न बोलता “या घरी जाऊन यावे” एवढेच पाळकांना सुचवावे. बहुतेक वेळा तेथे आजार, गेलेली नोकरी किंवा मंडळीत दुखावलेले मन सापडते, आणि त्या भेटीत अर्पणाचा विषय काढूच नये.

बाप्तिस्मा, विवाह, दफनविधी किंवा प्रभुभोजन यांना थकलेल्या वर्गणीची अट कधीही जोडू नये. शोकाकुल घराला जुनी बाकी दाखवणारी मंडळी त्या घराच्या दोन पिढ्या गमावते. कर्जात असलेल्यांसाठी, मंडळीत जाणकार कोणी असेल तर घरखर्चाचे नियोजन शिकवणारा छोटा वर्ग ठेवावा. त्यांना देण्याची ताकद परत मिळवून देणे हाही प्रोत्साहनाचाच भाग आहे. शेत विकून आलेल्या रकमेतील काही भाग लपवून ठेवणाऱ्या हनन्याला प्रेषित पेत्राने जे विचारले तेही लक्षात असावे: शेत विकले नव्हते तेव्हा ते तुझेच नव्हते काय, आणि विकल्यावर रक्कम तुझ्याच हाती नव्हती काय? त्याचा अपराध खोटे बोलण्याचा होता; कमी देण्याचे स्वातंत्र्य त्याला होते.

विशेष निधी उभा करताना

इमारत किंवा आपत्तीतील साहाय्य यांसाठी वेगळे आवाहन करावेच लागते. तेव्हा लागणारी रक्कम, तिचा तपशील, मुदत आणि जबाबदार व्यक्ती हे सर्व आधी लेखी जाहीर करावे, नियमित अर्पणातून वजा करून येथे देऊ नये असे स्पष्ट सांगावे, आणि जमा झालेला आकडा दर आठवड्याला कळवावा. निवासमंडपाच्या (मोशेच्या काळातील उपासनेच्या तंबूच्या) कामाच्या वेळी लोक रोज सकाळी इतके आणू लागले की कारागिरांनी हातातले काम सोडून मोशेकडे जाऊन सांगितले, गरजेपेक्षा जास्त येत आहे. आणि निर्गम 36 प्रमाणे मोशेने छावणीत दवंडी पिटवून आणणे थांबवले. ठरलेली रक्कम पूर्ण झाली की आपणही त्याच रविवारी तसे जाहीर करून तो निधी बंद करावा. काही शिल्लक राहिली तर ती परत न्यायची की कोणत्या दुसऱ्या कामाला लावायची हे देणाऱ्यांना विचारावे, आणि त्यांचा निर्णय पुढच्या सभेच्या इतिवृत्तात रकमेसह लिहून ठेवावा.